चेल्टनहॅम २०२५: वहीतले घोडे आणि स्लिपवरचे घोडे

शुक्रवारी चेल्टनहॅमच्या घोड्यांच्या शर्यतींमधला गोल्ड कप संपला. शनिवारी मी वहीला हातसुद्धा लावला नाही, मनच होईना. आज रविवार, सकाळी चहा घेऊन बसले आणि मंगळवारपासूनची सगळी पानं ओळीने वाचून काढली, आणि वाचता वाचता जे लक्षात आलं ते आजच लिहून ठेवतेय, कारण अजून दोन आठवड्यांनी मला फक्त कोण जिंकलं एवढंच आठवेल आणि मी काय विचार करून पैसे लावले होते ते पुसलं जाईल.

मी ग्लॉस्टरला राहते, नऊ वर्षं झाली. चेल्टनहॅमचं रेसकोर्स इथून बसने पाऊण तासावर, क्लीव्ह हिलच्या पायथ्याशी. मार्चमध्ये चार दिवस, मंगळवार ते शुक्रवार, २८ रेस, आणि एक बंपर सोडली तर सगळ्या उड्यांच्या, म्हणजे हर्डल (बुटके अडथळे) नाहीतर फेन्स (उंच, भक्कम). आपल्याकडे महालक्ष्मीला किंवा पुण्याला ज्या रेस होतात त्या सपाट, हे प्रकरण पूर्ण वेगळं. आपली इंडियन डर्बी २४०० मीटरची, आणि इथला गोल्ड कप सव्वापाच किलोमीटरच्या वर, वाटेत २२ फेन्सेस आणि शेवटी चढ. तो चढ टीव्हीवर कळतच नाही, तिथे उभं राहून बघितलं की कळतो, शेवटची फेन्स पार केलेला घोडा तिथे अक्षरशः चालायला लागल्यासारखा दिसतो.

घोड्यांचं वेड मला काकांमुळे. पुण्याच्या सीझनला, पावसाळ्यात, काका मला रेसकोर्सवर न्यायचे, मी नववी-दहावीत असेन. ते आधी पॅडॉकपाशी उभे राहायचे, घोडा कसा चालतोय, घाम किती आलाय, कान कसे आहेत सगळं बघायचे आणि मग रेसबुकच्या मार्जिनमध्ये पेन्सिलने दोन-तीन शब्द लिहायचे, आणि ते लिहिल्याशिवाय खिडकीकडे जायचेच नाहीत. मी वही ठेवते ती त्यांचीच सवय. प्रत्येक बेटच्या आधी तीन गोष्टी लिहायच्या: कुठला घोडा, का, आणि माझ्या मते त्याचा भाव किती असायला हवा. चार दिवसांचे मिळून १०० पौंड, बाजूला काढलेले, ते गेले तर गेले, त्यात घरातला एक पेनीसुद्धा घालायचा नाही. हे मी सहा वर्षं पाळलंय.

तर मंगळवार.

पहिली रेस सुप्रीम. यंदा तिला मायकल ओ'सुलिव्हनचं नाव दिलं होतं. चोवीस वर्षांचा जॉकी, फेब्रुवारीत आयर्लंडमध्ये थर्ल्सला रेसमध्ये पडला आणि दहा दिवसांनी गेला. २०२३ मध्ये हीच रेस त्याने मरीन नॅशनालवर जिंकली होती. तिथे मी पैसे लावले नव्हते. कोपेक दे बोर्द फेव्हरेट होता, ४/६ भाव (सहा पौंड लावले तर चार नफा), तो जिंकला, आणि वहीत मी लिहिलंय "घोडा बरोबर, भाव कमी, सोड". ते सोडणं मला आजही बरोबर वाटतं.

मग जे सोडायला हवं होतं तेच मी पुढच्या पानावर घेतलं. आर्कल रेसमध्ये माजबरो आणि चॅम्पियन हर्डलमध्ये कॉन्स्टिट्यूशन हिल, दोघांचं डबल (दोघेही जिंकले तरच पैसे), २० पौंड. दोघांचाही भाव १/२, म्हणजे दोन पौंड लावले तर एक पौंड नफा. एकेकटे घेतले तर काही हाताला लागत नाही म्हणून जोडले, २० चे ४५ होतील. वहीत कारण काय लिहिलंय तर "दोन्ही पक्के". एवढंच. वहीतल्या बाकी सगळ्या बेट्सना चार-चार ओळी आहेत, ग्राउंड (जमीन ओली की कोरडी), अंतर, मागच्या रेस, आणि वहीतले सगळ्यात जास्त पैसे जिथे लावले तिथे दोन शब्द.

आज मी त्याचं साधं गणित मांडलं. १/२ भाव म्हणजे बाजाराच्या हिशोबाने तीनातून दोनदा जिंकणार. दोन असे घोडे जोडले की दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे नऊतून चार. निम्म्याहून कमी! मी ज्याला पक्कं म्हणत होते ते नाणं उडवण्यापेक्षाही वाईट होतं, आणि हे गणित करायला मंगळवारी सकाळी मला अर्धं मिनिट लागलं असतं.

माजबरोने शेवटून दुसऱ्या फेन्सला मोठी चूक केली. पुढे होता, छान चालला होता, आणि एकदम उडी चुकली, समोरचे पाय कसे सावरले त्याचं त्यालाच माहीत. तरी परत लढला बिचारा, तिसरा आला. ट्रेनर निकी हेंडरसनचा जँगो बे मागून येऊन घेऊन गेला. झालं, डबल तिथेच संपलं, दुपारचे सव्वादोनसुद्धा वाजले नव्हते.

त्यामुळे चॅम्पियन हर्डल मी एकही पौंड पणाला नसताना बघितली, आणि कदाचित म्हणूनच नीट बघितली. कॉन्स्टिट्यूशन हिल, दहापैकी दहा रेस जिंकलेला, पाचव्या हर्डलला पडला. टीव्हीवर ते लोकांच्या ओरडण्यातून आधी कळलं, मग दिसलं. मग स्टेट मॅन पुढे आला, गेल्या वर्षीचा विजेता, शेवटच्या हर्डलला आला तेव्हा रेस त्याचीच होती, आणि तोही पडला. आणि मागून गोल्डन एस, २५/१ भावाची घोडी, ट्रेनर जेरेमी स्कॉटची, जॉकी लॉर्कन विल्यम्स वर, मोकळ्या रस्त्याने जिंकून गेली. पडलेले दोन्ही घोडे उठून उभे राहिले हे बघितल्यावर मी खुर्चीत टेकले. मला खरंच खूप भीती वाटली होती, पडलेल्या घोड्याभोवती धरतात ते हिरवं कापड टीव्हीवर दिसायला लागलं की माझ्या पोटात गोळा येतो.

संध्याकाळी काकांना फोन केला. पुण्यात रात्रीचे अकरा वाजून गेले होते पण ते जागेच होते. त्यांना उड्यांच्या रेसची सवय नाही, तरी त्यांनी एकच प्रश्न विचारला. "अगं, तू जिंकायचा हिशोब धरलास, पडायचा धरलास का?"

मी म्हटलं, "काका, तो कधी पडलेलाच नाही."

"पडला नाही म्हणजे पडणार नाही असं कुठेय? आपल्याकडे घोडा दमला तर दुसरा-तिसरा येतो. तुमच्याकडे आठ-दहा वेळा उडी मारायची आणि प्रत्येक वेळी नीट उतरायचं. ते भावात कुठे दिसतंय मला सांग."

मी गप्प बसले. सहा वर्षं मी इथल्या रेस बघतेय आणि हा प्रश्न मी स्वतःला या शब्दांत कधी विचारला नव्हता. सपाट रेसमध्ये १/२ भाव आणि उड्यांच्या रेसमध्ये १/२ भाव ही एकच गोष्ट नाहीये, कारण इथे घोडा सगळ्यांपेक्षा चांगला असूनही पडू शकतो. आणि ही चूक माझी एकटीची नव्हती, सगळा आठवडाच तसा गेला. बुधवारी बॅलीबर्न हरला, जॉनबॉन हरला, शुक्रवारी गोल्ड कपमध्ये गॅलोपिन दे शाँ. एवढ्या कमी भावाच्या घोड्यांतून कोपेक दे बोर्द आणि मेअर्स हर्डलमध्ये लॉसीमाउथ, हे दोघे तेवढे आले.

बुधवारी मी प्रत्यक्ष गेले होते, सुट्टी काढून. पहिल्या रेसला फायनल डिमांडवर १० पौंड, तो तिसरा आला, द न्यू लायन जिंकला. यात मला काही पश्चात्ताप नाही, कारण वहीत जे लिहिलं होतं तसाच तो पळाला, फक्त दुसरे दोघे चांगले निघाले. हे मी आज मुद्दाम वेगळं काढलंय. हरलेली बेट आणि चुकलेली बेट या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि आठवडाभर मी त्या एकाच रकान्यात टाकत होते.

मग क्वीन मदर चॅम्पियन चेस. दोन मैल, फुल स्पीड, आणि एवढ्या वेगाने फेन्स मारायच्या. माझे १० पौंड मरीन नॅशनालवर, ५/१. वहीत लिहिलेलं तसंच उतरवते: "याच कोर्सवर सुप्रीम जिंकलाय. फेब्रुवारीत डब्लिन चेसला सॉलनेसच्या मागे दुसरा, पण पळाला चांगला. इथला चढ जमतो. जॉनबॉन चांगला पण चेल्टनहॅमला चुका करतो. ३/१ असायला हवा." म्हणजे माझ्या मते चारातून एकदा जिंकेल, आणि भाव मिळत होता सहातून एकदाचा. बेट म्हणतात ती अशी असावी.

मी शेवटच्या फेन्सच्या जवळ, रेलिंगला चिकटून उभी होते. तिथून मागचा भाग दिसत नाही, तो मोठ्या स्क्रीनवर बघायचा. जॉनबॉनची चूक मी स्क्रीनवर बघितली, आजूबाजूच्या सगळ्यांच्या तोंडून एकदम "ओऽऽ" असं निघालं. मग ते वळून आमच्याकडे यायला लागले आणि आधी जमीन कळायला लागली, पायाखाली, मग आवाज. क्विलिक्सिओस आणि मरीन नॅशनाल जवळजवळ बरोबरीने शेवटच्या फेन्सला आले. माझ्यापासून किती असतील, पंधरा-वीस पावलं. फेन्सच्या काटक्या मोडल्याचा कर्रकन् आवाज झाला, क्विलिक्सिओस खाली गेला, आणि मरीन नॅशनालचा जॉकी शॉन फ्लॅनगनने एकदा, फक्त एकदा, डावीकडे बघितलं आणि घोड्याला चढावर सोडलं. अठरा लेंग्थने, म्हणजे अठरा घोड्यांच्या लांबीने जिंकला. अठरा!

आणि मग कोणीच पैशांबद्दल बोलत नव्हतं. माझ्या शेजारी एक आयरिश बाई होत्या, साठीच्या, त्या रडत होत्या. मायकल ओ'सुलिव्हनचा घोडा, महिन्याभरापूर्वी पोरगा गेलेला, आणि तो घोडा एवढ्या मोठ्या रेसला असा जिंकतो. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या की वर बसून तोच बघत असेल. मी पण रडले. स्लिप खिशात तशीच होती, पैसे घ्यायला मी पुढची रेस झाल्यावर गेले.

पण वहीच्या बाबतीत खरं बोलायला हवं. क्विलिक्सिओस पडला नसता तर? माझं मन म्हणतं तरी जिंकला असता, चढावर ज्या जोरात गेला ते बघता. पण ते मला नक्की सांगता येणार नाही. मंगळवारी पडण्याने माझ्यासारख्यांचे पैसे गेले आणि बुधवारी दुसऱ्याच्या पडण्याने माझे सोपे झाले, आणि मंगळवारचं ते दुर्दैव नि बुधवारचं ते माझं कौशल्य असं लिहायला हात पुढे जात होता, तो आवरला. निवड चांगली होती, भाव चांगला होता, बाकीचं त्या फेन्सवर झालं.

गुरुवार पटकन सांगते. टियाहूपूवर १० पौंड, स्टेयर्स हर्डल, दुसरा आला, बॉब ऑलिंजर जिंकला जॉकी रेचल ब्लॅकमोरला घेऊन. त्याला मी वय दहा म्हणून एका ओळीत काढून टाकलं होतं, ते घाईचं झालं, पुढच्या वेळी वय बघून कोणालाही खोडायचं नाही. आणि रायनएअर चेसमध्ये फॅक्ट टू फाइल, ६/४ ने १० पौंड, आरामात जिंकला. याचं कारण मला स्वतःला फार आवडलं: नोव्हेंबरमध्ये पंचेसटाउनला अडीच मैलांच्या आतल्या रेसला त्याने गॅलोपिनला हरवलं होतं, आणि अंतर तीन मैल झालं की गॅलोपिन त्याला मागे टाकत होता. म्हणजे घोडा कमी नव्हता, अंतर जास्त होतं. रायनएअर अडीच मैलांच्या जेमतेम वर. बसलं.

त्या रात्री होळी होती. इथे होळी पेटवता येत नाही, पण पुरणपोळ्या मी दरवर्षी करते, आणि शेवटची पोळी तव्यावर असताना एका हाताने मी गोल्ड कपचं पान लिहिलं. त्या पानावर कोपऱ्यात तुपाचा डाग आहे, कागद तेवढाच पारदर्शक झालाय, मागचा मजकूर दिसतो. पान असं आहे:

"आयनोदवेयुअरथिंकिन. १५/२. ईच-वे ५ पौंड. गेल्या वर्षी इथेच किम म्युअर ही रेस जिंकला, अंतर जवळपास हेच. आयरिश गोल्ड कपला चौथा, पण शेवटी घोडा पळत होता, थांबत नव्हता. आधी नाव नव्हतं, २५ हजार पौंड भरून सप्लिमेंट केलाय, उगाच कोण भरेल? गॅलोपिन ८/१३ फार कमी, तिसरा गोल्ड कप लागोपाठ जिंकणं अवघड. ५/१ असायला हवा."

(ईच-वे म्हणजे पाच जिंकण्यावर आणि पाच पहिल्या तिनात येण्यावर. नाव असं सलग का, तर घोड्याच्या नावाला स्पेस धरून १८ अक्षरांची मर्यादा आहे आणि इंग्रजीत हे मोजून अठरा भरतं. मी मोजलंय.)

मग शुक्रवार उजाडला. ऑफिसला गेले. दुपारी ट्रायम्फ हर्डलला ईस्ट इंडिया डॉकवर १० पौंड होते, जानेवारीत याच कोर्सवर जिंकलेला, फेव्हरेट, तो तिसरा आला आणि जिंकला कोण तर पोनिरोस, १००/१, हर्डलवरची त्याची पहिलीच रेस! ट्रेनर विली मुलिन्सचा. असं काही वहीत लिहून येत नाही, त्याबद्दल मी स्वतःला काही बोलणार नाही.

पण त्याने मी हलले. हे आज कळतंय. १००/१ चा घोडा आला की सगळंच बेभरवशाचं वाटायला लागतं आणि माणूस आधार शोधतो. आमच्या ऑफिसातला एक जण, पंचवीस वर्षं रेस बघणारा, कॉफी मशीनपाशी सगळ्यांना सांगत होता की आज एकच घोडा आहे, गॅलोपिन, बाकीचे दुसऱ्या नंबरसाठी पळतायत. त्याने नवीन काहीच सांगितलं नाही. ग्राउंड बदललं नव्हतं, घोडा आजारी नव्हता, कोणी बाहेर पडलं नव्हतं. मला फक्त त्याचा आवाज ठाम वाटला. मी जागेवर आले, फोन काढला आणि २५ पौंड गॅलोपिन दे शाँवर लावले. ८/१३. पंचवीसवर पंधरा पौंड आणि थोडे पेन्स मिळणार होते. वही बॅगेत होती. उघडली नाही, त्या पानावरची बेट लावलीच नाही.

आठवड्यातली सगळ्यात मोठी रक्कम त्या घोड्यावर गेली ज्याच्याबद्दल माझ्याच अक्षरात आदल्या रात्री "फार कमी" असं लिहिलेलं होतं. आणि मंगळवारी काका जे बोलले होते तेही चार दिवसांत कुठे गेलं कोण जाणे. ८/१३ म्हणजे बाजार स्वतःच सांगतोय की दहातून जवळपास चारदा हा हरेल.

आयनोदवेयुअरथिंकिन जिंकला. सहा लेंग्थने. जॉकी मार्क वॉल्शने त्याला अगदी शांत मागे ठेवला होता, एकेक करत पुढे आणला, आणि चढावर तो पळत होता, थांबत नव्हता, वहीतल्यासारखाच. गॅलोपिन दुसरा. मी ऑफिसच्या किचनमध्ये फोनवर बघत होते आणि ज्या घोड्याला मी ओळखलं होतं तो माझ्या पैशांना हरवत होता. त्या वेळी जे वाटलं ते पैसे गेल्याचं नव्हतं. आपलं खरं बोलणं आपणच ऐकलं नाही, तसं काहीतरी.

हिशोब देऊन टाकते. माजबरो-कॉन्स्टिट्यूशन हिल डबल वीस गेले, मरीन नॅशनालचे पन्नास आले, फायनल डिमांड दहा गेले, टियाहूपू दहा गेले, फॅक्ट टू फाइलचे पंधरा आले, ईस्ट इंडिया डॉक दहा गेले, गॅलोपिन पंचवीस गेले. शंभरचे नव्वद राहिले. दहा पौंड जाणं म्हणजे चार दिवसांच्या आनंदाला काहीच नाही, लोक ऐकून म्हणतील की छानच केलंस. पण गोल्ड कपला वहीतला घोडा घेतला असता तर ईच-वेचे विन आणि प्लेस मिळून ४५ आले असते, म्हणजे १६० झाले असते, आणि दोन शब्दांचं ते डबल लावलंच नसतं तर १८०. अर्थात क्विलिक्सिओस उभा राहिला असता तर यातले बरेच वजा. तरीही कुठल्या बेट्स माझ्या होत्या आणि कुठल्या नव्हत्या ते स्वच्छ दिसतं. ज्या पानांवर चार ओळी आहेत त्यातल्या निम्म्या लागल्या असत्या, आणि मोठ्या रकमा गेल्या त्या एक दोन शब्दांवर आणि एक कॉफी मशीनपाशी.

आज दुपारी काकांना तुपाच्या डागाच्या पानाचा फोटो पाठवला, खाली गॅलोपिनच्या बेटचा स्क्रीनशॉट. मला वाटलं रागावतील. त्यांचा बऱ्याच वेळाने मेसेज आला, त्यांनी पान झूम करून वाचलं होतं बहुतेक. "उगाच कोण भरेल हे बरोबर पकडलंस. मी पण हाच घेतला असता." आणि खाली दुसरा मेसेज, एंट्री कधी बंद होते आणि घोडे किती, ग्रँड नॅशनलचं कार्ड आलं की लगेच पाठव. ही रेस ५ एप्रिलला आहे, लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री नावाच्या रेसकोर्सवर, चौतीस घोडे आणि तीस फेन्सेस. मी वहीत नवीन पान उघडून तारीख टाकलीये, आणि मार्जिन या वेळी जास्त सोडलाय, काकांच्या पेन्सिलसाठी.